रणगाड्याचा ढिला पट्टा

आमच्या मोखाडा तालुक्यात 'टँक' हा शब्द कुणी उच्चारला, की बायकांचा हात आधी हंड्याकडे जातो. पावसाळ्यात येथे असा पाऊस कोसळतो की चार चार दिवस घराबाहेर पडता येत नाही, आणि होळी उलटली की त्याच गावांत टँकरची वाट पाहत रांगा लागतात. म्हणून मागच्या आषाढात आमच्या भाच्याने कल्याणहून एक खोके आणले आणि धाकट्याने "आमच्याकडे टँक आला, टँक आला" असे ओरडत जव्हारची आमची सगळी वस्ती जागी केली, तेव्हा शेजारच्या मोखाड्याच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, भर पावसात टँकर कशाला मागवलास?"

काकूंचे फारसे चुकले नव्हते. रणगाड्याला इंग्रजांनी 'टँक' हे नाव दिले ते पाण्याच्या टाकीवरूनच. पहिल्या महायुद्धात हे यंत्र गुपचूप तयार होत होते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही पाण्याची टाकी आहे असे भासवण्यात आले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ही 'टाकी' पहिल्यांदा रणांगणावर उतरली, आणि नाव मात्र तेच राहिले.

आमच्या खोक्यातला टँक हातभरही नव्हता. टी-५५ नावाच्या रशियन बनावटीच्या रणगाड्याची ती प्लॅस्टिकची प्रतिकृती होती, आणि तीसुद्धा तयार नव्हे, सुट्या भागांची. १९७१ च्या युद्धात हे रणगाडे आपल्या सैन्यात होते. जोडायचे आपण, रंगवायचे आपण.

आता वाचक विचारतील, शिपायाच्या आणि अंगणवाडीताईच्या घरात हा श्रीमंतांचा छंद कुठून शिरला? त्याचे असे झाले. आमचे बाबा सैन्यात होते. बंदूक घेऊन सीमेवर उभे राहणाऱ्यांतले नव्हेत. ते ई. एम. ई. मध्ये, म्हणजे सैन्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात मेकॅनिक होते. १९७२ साली भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. मधली बरीचशी वर्षे रणगाड्याच्या पोटाखाली पाठीवर पडून गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणेही बरेचसे परतले, पण उजव्या हाताची बोटे ऐकेनात. शर्टाचे बटण आम्ही लावायचे, घास कालवून आम्ही द्यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, बोटांना बारीक काम द्या, तांदूळ निवडू द्या, मणी ओवू द्या. बाबांनी दोन दिवस तांदूळ निवडले. तिसऱ्या दिवशी ताट सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ते फारसे बोलेनासेच झाले.

भाचा आय. टी. आय. झालेला फिटर आहे. त्याने हे पाहिले आणि अर्धे पैसे स्वतःचे घालून मुंबईच्या एका दुकानातून हे खोके आणले. किंमत ऐकून आम्हा दोघांत त्या रात्री कडाक्याचे भांडण झाले. तीन हजार दोनशे रुपये! आमच्या वाट्याच्या सोळाशेत थोरलीच्या क्लासची दोन महिन्यांची फी निघाली असती. "खेळण्यावर पैसे उडवायचे दिवस आहेत का आपले?" हा प्रश्न आमच्यातल्या एकीने विचारला आणि दुसऱ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. पण खोके उघडून झाले होते. दुकानदार परत घेणार नव्हता.

खोक्यावर १:३५ असा आकडा होता. थोरलीने तो लगेच ओळखला, कारण शाळेत नकाशाचे प्रमाण चालू होते. खरा टी-५५ तोफेसकट नऊ मीटर लांब. नऊशे सेंटिमीटरला ३५ ने भागले की साधारण २६. रुंदी सव्वातीन मीटरच्या वर, म्हणजे प्रतिकृतीत नऊ सेंटिमीटर आणि थोडे. "मग त्यात बसणारा माणूस केवढा?" धाकट्याने विचारले. पावणेदोन मीटरचा माणूस पाच सेंटिमीटरचा झाला. हे ३५ कुठून आले याची गंमत भाच्याने सांगितली. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक जर्मन रणगाडा प्रतिकृतीत काढला. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढी जागा ठेवली, आणि मग मोजून पाहिले तेव्हा प्रमाण ३५ च्या आसपास आले. पुढे जगभर तेच रूढ झाले. बॅटरीच्या मापाने रणगाडा ठरला, हे ऐकून बाबा पहिल्यांदा किंचित हसले.

वर्षावास सुरू झाला होता. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन आटोपून घरी यायचे, जेवणे उरकायची आणि मग शिवणयंत्राच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरून बसायचे, असा आमचा क्रम ठरला.

सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना देठासारखे चिकटलेले असतात. ते हाताने पिरगाळून तोडायचे नाहीत, नाहीतर भागाचाच लचका निघतो. आम्ही नेलकटरने तोडले आणि देठाची खूण बारीक पॉलिश पेपरने घासली. घासायचे काम बाबांकडे. भाग डाव्या हातात आणि पॉलिश पेपर उजव्या बोटांत. पहिल्या रात्री त्यांनी एक चाक घासले. चौथ्या रात्री पाच.

चुका आम्ही भरपूर केल्या. पहिली गोंदाची. झटपट चिकटणारी पाच रुपयांची ट्यूब आणली आणि काम फत्ते समजलो. सकाळी पाहतो तर प्रत्येक सांध्याभोवती पांढरी भुकटी धरलेली, जणू बुरशीच आली. मग भाच्याने प्लॅस्टिकचा खास पातळ गोंद पाठवला. तो प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. दोन तुकडे जवळ धरायचे आणि फटीला ब्रशाचे टोक नुसते टेकवायचे, गोंद आपणहून आत धावतो. त्याचा वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि आमच्या खिडकीतून आषाढातला पाऊस आत येतो. वरच्या बुरुजाच्या दोन अर्धुकांत फट राहिली, ती एम-सील भरून घासली. घरातला गळका नळ त्याच एम-सीलने बुजवलेला आहे, तेव्हा हे काम आम्हाला नवे नव्हते.

पण खरी गोष्ट पट्ट्याची. टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके, आणि पहिल्या दोन चाकांमध्ये जास्त अंतर. त्यांच्याभोवती लोखंडी कड्यांचा पट्टा फिरतो. आमच्या किटमध्ये एकेक कडी वेगळी, एका बाजूला नव्वदच्या आसपास. सहा रात्री आम्ही कड्या जोडत होतो. शेवटी पट्टा चाकांवर चढवला, ताणून अगदी सुतासारखा सरळ केला, गोंद लावला आणि मोठ्या कौतुकाने बाबांपुढे ठेवला.

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग खाली ठेवला.

"एवढा ताणलाय कशाला? तुटंल."

आम्ही म्हणालो, "बाबा, छान सरळ दिसतो म्हणून."

"सरळ दिसायला ती काय कपडे वाळत घालायची दोरी आहे?" आणि मग झटका आल्यापासून पहिल्यांदा बाबा सलग बोलले. शब्द अडखळत होते, पण थांबले नाहीत. काही रणगाड्यांना पट्ट्याची वरची बाजू उचलून धरायला छोटी चाके असतात, टी-५५ ला ती नाहीत. वरचा पट्टा या मोठ्या चाकांच्याच डोक्यावर टेकतो आणि दोन चाकांच्या मधे झोळीसारखा खाली येतो. मागचे दातेरी चाक पट्टा ओढते, पुढचे चाक पुढे-मागे सरकवून ताण जुळवायचा असतो. फार ताणला तर कड्या आणि खिळ्या झिजतात, पट्टा तुटतो. फार सैल सोडला तर वळणावर चाकावरून उतरतो. "मग रात्री दोन वाजता, थंडीत, सब्बलने तो परत चढवायचा. कुणी? गोळा डागणारा नाही. आम्ही."

तेवढे बोलून त्यांना घाम आला. त्यांनी पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या कड्या सुरीने सोडवल्या. पाच कड्या मोडल्या, जादाच्या होत्या म्हणून निभावले. नवीन जोड ओला असतानाच चाकांच्या मधल्या जागी कापसाचे बोळे दाबून ठेवले, म्हणजे पट्टा झोळीसारखा बसून वाळेल. बोळे कुठे किती दाबायचे ते बाबांनी ठरवले आणि स्वतःच्या उजव्या अंगठ्याने दाबले. अंगठा थरथरत होता. आम्ही हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो झटकला.

रंगाचा किस्सा वेगळाच. आमच्यातल्या शिपायाने हार्डवेअरच्या दुकानातून दाराला लावतात तो हिरवा ऑइलपेंट आणला. रंग तो रंग, असा हिशेब. दोन हात मारले. सकाळी रणगाडा साखरेच्या पाकात बुडवलेल्या गुलाबजामासारखा चकाकत होता. बारीक खिळे, कड्या, झाकणांच्या रेघा, सगळे पाकाखाली बुडालेले. भाच्याने फोनवर सांगितले, डेटॉलमध्ये बुडवा. आम्हाला ती थट्टा वाटली. पण खरोखर पाणी न घातलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर ठेवल्यावर रंग सुटला आणि प्लॅस्टिकला काही झाले नाही. फक्त रंग घासून निघेपर्यंत पाणी लागू द्यायचे नाही. ते लागले की त्याचा चिकट डांबरासारखा गोळा होतो आणि मग दात घासायच्या ब्रशाचेच दात झडतात. हातमोजे नसतील तर हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. दोन दिवस आमच्या घराला दवाखान्याचा वास येत होता आणि येणारा जाणारा विचारत होता, बाबांचे पुन्हा काही बिनसले का?

जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे मुखवटे करणारे कारागीर आहेत. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे, मोठमोठ्या डोळ्यांचे ते मुखवटे बऱ्याच वाचकांनी पाहिले असतील. त्यांतले एक रंगारी आमच्या ओळखीचे. आम्ही त्यांना गुलाबजामाची हकीगत सांगितली. ते म्हणाले, "एका हातात झाकायला गेलात, तिथंच चुकलात. पहिला हात लावला की मागचं दिसलं पाहिजे. वाळू द्या. परत लावा. चार हात लागतील." शहरातल्या मोठ्या दुकानातले महागडे रंग आणले असते तरी याहून वेगळा सल्ला मिळाला नसता.

मग रीतसर सुरुवात केली. आधी साबणाच्या पाण्याने धुतले, कारण हाताचा तेलकटपणा राहिला की रंग धरत नाही. गाडीच्या सामानाच्या दुकानातला राखाडी प्रायमरचा स्प्रे घेतला, पण श्रावणात तो मारायचा कधी? हवेत दमटपणा असला की स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. पाऊस उघडण्याची आठ दिवस वाट पाहिली. एका दुपारी ऊन पडले तसे आम्ही एकीला अंगणवाडीतून परतताना रस्त्यातच गाठले आणि दोघांनी धावत घर गाठले.

वरचा रंग थोरलीच्या शाळेचा ॲक्रिलिक, पाण्यात पातळ केलेला. सैन्याचा हिरवा काही बाटलीत तयार मिळत नव्हता. हिरव्यात काळा घातला तर गडद बाटलीसारखा हिरवा येई. बाबा म्हणाले, "पिवळ्यात काळा घाला." आमचा विश्वास बसेना. घातला, आणि वाटीत ऑलिव्ह हिरवा उतरला! थोरली तर टाळ्या वाजवायला लागली. त्यात चिमूटभर तपकिरी टाकून बाबांनी मान हलवेपर्यंत आम्ही ढवळत राहिलो. चार हात दिले. ते पक्के वाळल्यावर तपकिरी तैलरंगाचा ठिपका टर्पेंटाइनमध्ये अगदी पाण्यासारखा पातळ करून फटींतून सोडला, तो रेघारेघांत जाऊन बसला आणि बुडालेली प्रत्येक झाकणी वर आली. मग फिकट रंगाचा ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा केला आणि कडांवरून हलकेच फिरवला. नवशिक्याला एवढ्या दोन युक्त्या आल्या तरी अर्धा रणगाडा जिंकला.

यानंतर मळवायचे काम. नवा कोरा रणगाडा खेळण्यासारखा दिसतो, मळला की खरा वाटतो. आम्ही आमच्या मनाने सगळीकडे सारखाच मळवायला निघालो होतो. बाबांनी थांबवले. रंग कुठे उडतो? जिथे माणसाचा बूट पडतो तिथे. चढायच्या जागी, झाकणाच्या कडेला. तेलाचे ओघळ कुठे? डिझेल भरायच्या तोंडाखाली, कारण भरताना सांडतेच. चाकाच्या मधोमध ग्रीसचा काळा डाग. धुराड्याचे तोंड डाव्या बाजूला मागे, तर काजळी तिथेच, उजवीकडे नाही. चुलीची काजळी घेऊन धाकट्याने ती बोटाने लावली. आम्ही बघत राहिलो. बाबा आम्हाला रणगाड्याचे अंग दाखवत होते, पण प्रत्येक डाग कुणाच्या ना कुणाच्या हातापायाचा होता. त्या माणसांची नावेही मधूनमधून येत होती. कुणी केरळचा, कुणी लातूरकडचा. ही नावे आम्ही आजवर कधी ऐकली नव्हती. रणगाड्याचे काम म्हणजे तोफ, असे आम्ही समजत होतो. बाबांच्या बोलण्यात तोफ जवळजवळ आलीच नाही.

शेवटी चिखल. तो विकत कशाला आणायचा, आपल्या जव्हारची लाल माती काय थोडी आहे? मलमलीतून गाळली, भिंती सारवायचा गेरू मिसळला आणि पट्ट्यांवर, चाकांवर थापली. आम्हाला ते फार शोभिवंत वाटले. बाबांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही गाडी जव्हारला कधी आली?"

बाबांची नोकरीतली बरीच वर्षे नगरला गेली. आताचे अहिल्यानगर. तेथे चिलखती दलाचे मोठे केंद्र आहे आणि जवळच खारेकर्जुन्याकडे के. के. रेंज हा गोळाबारीच्या सरावाचा मुलूख आहे. तेथली धूळ भुरकट, राखेसारखी. ती दातांत जाते, असे बाबा म्हणाले. नगरला १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. आमच्यातला एक जण लहानपणी बाबांचे बोट धरून तेथे गेला होता. युद्धात जिंकून आणलेल्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्यापाशी सगळी पोरे उभी होती. बाबा मात्र आपल्याकडे आवडीला, चेन्नईजवळ बनलेल्या विजयंता रणगाड्यापुढे उकिडवे बसून त्याची चाके पाहत होते. तेव्हा त्यांची लाज वाटली होती, ती आठवण आता डाचली.

आत्या भिंगारला राहतात, नगरच्या कॅम्पाला लागूनच. त्यांना फोन केला. दसऱ्याच्या सुमारास त्यांचा मुलगा आला तेव्हा चिवड्याच्या डब्यात, चिवड्याच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेली मूठभर माती होती. आत्यांनी चिठ्ठी लिहिली होती की, दादाने घरी येऊन मागितली असती तर पोतेभर दिली असती. लाल माती ओल्या ब्रशाने काढली, तरी चाकांच्या आतल्या बाजूला थोडी राहिलीच. वर नगरची धूळ टर्पेंटाइनमध्ये कालवून लावली. ती वाळल्यावर बाबांनी रणगाडा पाठच्या बाजूने पाहिला, पुढून पाहिला आणि शेवटी काहीही न बोलता उशाशी ठेवून झोपले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. वंदना झाल्यावर वस्तीतल्या बायका आमच्या घरी खिरीला आल्या. आम्ही अभिमानाने रणगाडा भगवान बुद्धांच्या तसबिरीखालच्या फळीवर मांडला होता. थोरल्या काकींनी तो पाहिला आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"तीन महिने विहारात करुणा ऐकलीत आणि बुद्धाच्या पायाशी तोफ ठेवलीत होय रं?"

सगळे गप्प. काकींचे सासरे महार रेजिमेंटचे जुने शिपाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांची भरती बंद झाली, ती पहिल्या महायुद्धातला थोडा काळ सोडला तर बंदच राहिली. ती उघडावी म्हणून बाबासाहेबांनी किती खटपट केली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, हे काकींना आमच्यापेक्षा जास्त पाठ. सैन्याच्या भाकरीने आपली किती घरे शाळेपर्यंत पोचली तेही. तेव्हा अज्ञानातून त्या बोलत नव्हत्या. आम्ही काहीतरी सारवासारव करू लागलो, तोच बाबा म्हणाले, "काकी, मी गोळा नाही उडवला कधी. ग्रीस भरलं. पट्टे चढवले."

"ते खरं रं. पण तू चढवलेल्या पट्ट्यावरूनच तो गेला ना पुढं?"

बाबांनी बराच वेळ विचार केला. "गेला," ते म्हणाले. मग उठले, भिंतीला धरून फळीपाशी गेले, दोन्ही हातांनी रणगाडा उचलला आणि शिवणयंत्रावर नेऊन ठेवला. दोन्ही हातांनी. हे काकींच्या लक्षात आले नसेल. आमच्या आले.

तो अजून शिवणयंत्रावरच आहे. एरियल म्हणून लावलेली केरसुणीची काडी धाकट्याने दोनदा मोडली. पुढचा डावा दिवा जोडताना जमिनीवर पडला तो सापडलाच नाही. नवा करून लावू म्हटले तर बाबा म्हणतात, राहू दे, असे दिवे फुटतातच. शर्टाची खालची तीन बटणे ते आता स्वतः लावतात. वरचे लागत नाही. सोळाशे रुपयांवरून आमच्या घरात अजूनही अधूनमधून कुरबुर होते.

यंदा मार्चमध्ये आम्ही खोडाळ्याच्या बाजूला आमच्या गावी गेलो होतो. टँकर आला, बायका धावल्या, आणि आमची थोरली टेप घेऊन टँकरभोवती फिरू लागली. ड्रायव्हरला वाटले ही पंचायत समितीची तपासणी. लांबी सात मीटर निघाली. सातशे भागिले ३५, बरोबर वीस सेंटिमीटर. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा आणि पावडरचा डबा जमवून ती आता टँकर करते आहे. चाके बाबा घासत आहेत. टाकीच्या खाली, जिथे नळीच्या तोंडातून पाणी गळत असते, तिथे गंज कसा दाखवायचा यावरून काल रात्री दोघांचे चांगलेच वाजले.